शेरा

कोठी कचेरीतून निघाले तेव्हा साडेदहा.
पिशवीत तपासणीचा हुकूम, टेप, पाण्याची बाटली
आणि दोन लाल पेनं,
त्यातलं एक ऐन वेळी सुकणारं.

दांडिया बाजाराच्या मागे, सायकल दुरुस्तीला खेटून
मंडळाचं फाटक. आत भिंतीवर सनद,
संस्थानच्या मोहरेची, काचेतली.
वाळवीनं वरच्या ओळी खाल्ल्यात:
किती बिघे जमीन, कसला मान, कुणाला पागोटं,
सगळं फस्त.
खालची एक ओळ तिला कडू लागली असावी.
'जमाखर्च दरसाल सरकारात रुजू करावा.'
चष्मा पुसून मी ती दोनदा वाचली.
म्हणजे मी काही आजची नाही.

खजिनदार शितोळेकाका. वय एक्क्याऐंशी.
खो मिळायच्या आधीच अर्धा उठलेला गडी म्हणून
पंचांनी किती शिट्ट्या मारल्या असतील त्यांच्यावर!
आता खुर्चीतून उठताना टेबलाची परवानगी घेतात.

रोजकीर्द त्यांच्या हातची, पेन्सिलीतली.
मल्लखांबाला एरंडेल, दोन लिटर.
सुतळी.
शिट्टी हरवली, नवी शिट्टी.
तेजलचा गुडघा: पट्टी, रिक्षा (जातानाची. येताना तिचे बाबा आले).
रायसिंगला चहाचे दहा, त्यानं घेतले नाहीत,
मग घेतले.
पावती नाही. पावती नाही. पावती भिजली.
नियमानं पाहिलं तर पानापानाला आक्षेप,
आणि नियमानंच पाहायला मी आले होते.

मग सचिवांची फाइल आली.
सचिव आले नाहीत, त्यांचा फोन आला,
'बेन, नाश्ता केला ना? सेव-उसळ मागवतो,
तुमच्या साहेबांचं आणि आमचं जुनं आहे.'
फाइल छापील, दोऱ्यानं ओवलेली, कोपरे सरळ.
मैदान डागडुजी व माती भरणी,
चार लाख बारा हजार.
तीन दरपत्रकं, तीन दुकानं, तीन शिक्के,
आणि तिन्हीत 'माटी'चा काना
एकाच जागी गळलेला.

म्हटलं, मैदान बघू.

चपला काढून उभी राहिले.
टाचेखाली जुनीच जमीन, दगडासारखी,
खो-खोचा एक खांब पूर्वेला कललेला,
त्याला टेकून दप्तरांचा ढीग.
रायसिंग वसावा पाणी मारत होता, पाइप न थांबवता म्हणाला,
'माती? ट्रक आत येणार कुठून, बेन?'

टेप काढला.
फाटक, साडेपाच फूट.
दोन पोरी खेळ सोडून आल्या, टेपचं दुसरं टोक धरायला,
कुणी न सांगता.

परत टेबलाशी. बिलाखाली दोन सह्या.
एक सचिवांची, झेपावणारी.
दुसरी, खजिनदार म्हणून, शितोळे. शाईची.
'त्यांनी पुढे ठेवलं, मी केली,' काका म्हणाले,
'चष्मा घरी राहिला होता.'
पंखा फिरत राहिला. मी काहीच विचारलं नाही.
'तसा वीस वर्षं घरीच आहे तो,' म्हणाले.

आता ह्या माणसाचं काय करायचं?
ज्यानं दहा रुपयांच्या चहाचा नकारसुद्धा
खर्चात लिहिला,
आणि चार लाखांवर डोळे मिटले?
माझ्या तक्त्यात ह्याला रकाना नाही.
तक्त्यात नाव पहिलं खजिनदाराचं येतं.

पेन सुकलं. ते पेन्सिल पुढे करू लागले,
मी मान हलवली, दुसरं पेन काढलं.
'लिहा,' म्हणाले, 'स्पष्ट लिहा.
खो तोंडातल्या तोंडात दिला
तर पंच धरत नाहीत.'

लिहिलं:
फाटकाची रुंदी साडेपाच फूट.
माती कोणत्या वाहनाने, कोणत्या दिवशी, कोठून आत आली,
उभय सही करणारांनी
पंधरा दिवसांत खुलासा करावा.

एरंडेलाच्या पावतीबद्दलही एक ओळ लिहावी लागली.
ती लिहिताना हात जरा अडला.
लिहिली.